डीएनएस बदला, पण आधी जुना लिहून ठेवा

गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी कोपरखैरण्याहून आईचा फोन आला. "अरे, नेट बंद पडलंय. रिचार्ज संपला असेल म्हणून खालच्या दुकानातून मारून आणला, तरी येत नाही." रिचार्ज संपला नव्हता. आदल्या संध्याकाळी ठाण्याला परत निघताना, चपला घालता घालता, मी तिच्या फोनचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, बदलला होता. नव्या डीएनएसचं नाव टाइप करताना ९ चा आकडा टाकायच्या जागी 'नाइन' असं अक्षरांत लिहिलं आणि तपासून न बघताच निघालो. फोन रात्रभर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर चौकशी करत बसला. त्या रिचार्जचे पैसे आईने अजून माझ्या नावावर मांडून ठेवलेत.

डीएनएस बदलायला दोन मिनिटं लागतात. चुकला तर नेट पूर्ण बंद दिसतं, आणि घरातल्या बाकीच्यांना का ते कळत नाही. म्हणून काय बदलायचं याच्या बरोबरीने परत कसं फिरायचं तेही सांगतो.

आधी थोडं समजून घेऊ

ठाणे स्टेशनबाहेर रिक्षात बसून तुम्ही "गडकरी रंगायतन" म्हणता आणि रिक्षावाला बरोबर तलावपाळीला नेतो. तुम्हाला नाव माहीत, त्याला जागा माहीत. इंटरनेटचा कारभार मात्र नवी मुंबईसारखा आहे. तिथे सेक्टर नंबर, प्लॉट नंबर सांगितल्याशिवाय कुणी पोचत नाही. प्रत्येक संगणकाचा पत्ता हा आकड्यांचाच असतो. तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाइप करता, तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. सुरुवातीच्या काळात सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असायची आणि जो तो तिची प्रत उतरवून घ्यायचा. नावं वाढली तसं ते झेपेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत मांडली.

हा पत्ता सांगणारा तुम्ही निवडलेला नसतो. ज्याच्याकडून नेट घेता, म्हणजे बिल्डिंगमध्ये वायर आणणारा केबलवाला किंवा सिमकार्डाची कंपनी, त्याचाच डीएनएस आपोआप लागतो. तो वाईटच असतो असं नाही. पण जुन्या पद्धतीत तुमची प्रत्येक चौकशी उघड्यावर जाते. शेअर रिक्षात मागच्या सीटवरून आपण कुठे उतरणार ते ओरडून सांगावं आणि चौथ्या सीटवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकावं, तसं. तुम्ही कुठल्या आजाराची, कुठल्या कर्जाची, कुठल्या नोकरीची साइट उघडली, हे वाटेतल्या कुणालाही वाचता येतं. वाटेतला माणूस खोटं उत्तरही देऊ शकतो, कारण उत्तर खरं की खोटं हे तपासायची सोय तुमच्या फोनमध्ये सहसा नसते.

खोट्या उत्तराची गोष्ट कल्पनेतली नाही. २००७ ते २०११ या काळात 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने जगभरातल्या लाखो संगणकांचा डीएनएस गुपचूप बदलला आणि लोकांना भलत्याच जाहिरातींकडे वळवलं. एस्टोनियात टोळी पकडली गेली. पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर त्या सगळ्या लोकांचं नेट गेलं असतं. म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने त्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते काही महिने चालू ठेवले आणि ९ जुलै २०१२ ला बंद केले.

कुणाचा घ्यायचा?

फुकट आणि नावाजलेले तीन पर्याय पुरे आहेत.

पहिला क्वाड९. ही ना-नफा संस्था आहे आणि २०२१ पासून तिचा कारभार स्वित्झर्लंडमधून चालतो. फसवणुकीच्या आणि व्हायरसच्या म्हणून माहीत असलेल्या साइटचा पत्ता ती देतच नाही. विचारणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या जोडणीचा आकडी पत्ताही, नोंदवून ठेवत नाही. आकडे ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२.

दुसरा क्लाउडफ्लेअर. हा १ एप्रिल २०१८ ला सुरू झाला, त्यामुळे अनेकांना आधी एप्रिल फूलच वाटला होता. साधा १.१.१.१ काहीही अडवत नाही. १.१.१.२ व्हायरसच्या साइट अडवतो. १.१.१.३ त्यासोबत प्रौढांच्या साइटही अडवतो, म्हणून लहान मुलांच्या टॅबलेटसाठी बरा.

तिसरा गूगल, २००९ पासूनचा. आकडे ८.८.८.८ आणि ८.८.४.४. भक्कम आहे, पण धोकादायक साइट गाळत नाही. शिवाय गूगलला आपल्याबद्दल आधीच पुष्कळ माहीत असतं, त्यात ही भर कशाला?

मी आईच्या, सासूबाईंच्या आणि माझ्या फोनवर क्वाड९ ठेवलाय. तुमचं मत वेगळं असेल तर क्लाउडफ्लेअर घ्या, काही बिघडत नाही. एक मात्र ध्यानात असू द्या. आजवर केबलवाल्यावर जो विश्वास टाकत होतात, तो आता दुसऱ्या कुणावर टाकताय. विश्वास टाकावा लागतोच, म्हणून नाव ऐकलेल्या ठिकाणी टाका. "नेट सुसाट करा" म्हणत व्हॉट्सअॅपवर फिरणारे अनोळखी आकडे चुकूनही भरू नका.

आणखी एक. या लेखात आकडे देवनागरीत आहेत. सेटिंगमध्ये मात्र इंग्रजी कीबोर्ड लावून इंग्रजी आकडे आणि छोटी अक्षरं टाइप करा.

अँड्रॉइड फोन: सुरुवात इथूनच

राउटर, लॅपटॉप सगळं नंतर. आधी एक फोन घ्या, तोही स्वतःचा. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा असेल, म्हणजे २०१८ नंतरचा बहुतेक कुठलाही, तर सोय आत तयार आहे. वेगळं अॅप लागत नाही.

सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधाच्या चौकटीत 'डीएनएस' टाइप करा. प्रत्येक कंपनीने हे सेटिंग वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय, त्यामुळे शोधणं सर्वांत सोपं. हातानेच जायचं असेल तर साध्या अँड्रॉइडवर 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये, सॅमसंगवर 'कनेक्शन्स' आणि मग 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' दिसेल. फोन मराठीत असेल तर 'खाजगी डीएनएस'.

त्यावर टॅप केलं की तीन पर्याय येतात: ऑफ, ऑटोमॅटिक आणि होस्टनेम, म्हणजे डीएनएस सर्व्हरचं नाव, लिहायचा. आता कुठला निवडलेला आहे, तो आधी कागदावर लिहा किंवा स्क्रीनशॉट काढा. बहुधा ऑटोमॅटिक असेल. ऑटोमॅटिकचा अर्थ एवढाच की नेट देणाऱ्याचा डीएनएस कुलूपबंद, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारी, चौकशी घेत असेल तर ती तशी जाईल, नाहीतर उघडी. डीएनएस त्याचाच राहतो.

आता तिसरा पर्याय निवडा. नवखे सगळे इथे अडखळतात, कारण रिकाम्या जागेत ९.९.९.९ किंवा १.१.१.१ असे आकडे टाकले की फोन 'सेव्ह' करू देत नाही. इथे नाव लागतं, आकडी पत्ता नाही. क्वाड९ साठी लिहायचं डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट. म्हणजे डी-एन-एस, टिंब, क्यू-यू-ए-डी आणि त्याला चिकटून ९ चा आकडा (माझी चूक नेमकी इथलीच), टिंब, एन-ई-टी. क्लाउडफ्लेअरसाठी ओ-एन-ई, म्हणजे 'वन', चार वेळा आणि मध्ये तीन टिंबं. गूगलसाठी डीएनएस डॉट गूगल, पुढे डॉट कॉम नाही. सुरुवातीला एचटीटीपीएस लिहायचं नाही, मध्ये जागा सोडायची नाही. कीबोर्ड स्वतःहून शब्द सुधारायला गेला तर त्याला आवरा.

सेव्ह केल्यावर लगेच फोन खिशात टाकू नका. आधी ब्राउझरमध्ये कधी न उघडलेली एखादी साइट उघडा. मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर हेच करून बघा. दोन्हीकडे उघडली तर काम झालं. हे सेटिंग वाय-फाय आणि डेटा दोन्हींना लागू होतं आणि चौकशी कुलूपबंद पाठवतं. शेअर रिक्षात ओरडण्याऐवजी चिठ्ठी बंद पाकिटात दिल्यासारखं. इतक्या कमी कष्टांत एवढं दुसरं कुठलंच सेटिंग देत नाही, म्हणून माझा भर फोनवर आहे.

बसलं की नाही याची खात्री करायची असेल तर क्वाड९ वाल्यांनी ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट हा पत्ता उघडा. 'येस' दिसलं की बसलं. क्लाउडफ्लेअरसाठी ब्राउझरमध्ये १.१.१.१ लिहून पुढे तिरकी रेघ आणि 'हेल्प' लिहा. तिथे चौकशी कुलूपबंद जातेय की नाही हेही कळतं.

नेट गेलं तर

फोनवर "प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करता येत नाही" अशा अर्थाची सूचना आली, तर दहात नऊ वेळा नाव टाइप करताना चूक झालेली असते. उरलेल्या एका वेळी फोनची तारीख-वेळ चुकलेली असते. बॅटरी पूर्ण उतरून दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या फोनमध्ये हे हमखास होतं. तारीख चुकली की सर्व्हरचं ओळखपत्र पटत नाही आणि फोन दार उघडत नाही.

दुसरी अडचण फुकट वाय-फायची. स्टेशनवर, मॉलमध्ये किंवा हॉस्पिटलच्या लॉबीत वाय-फाय जोडलं की आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान यावं लागतं. ते पान तुमची पहिली चौकशी वाटेत अडवूनच दाखवतात. तुम्ही तर अडवताच येणार नाही अशी सोय केली आहे, मग पान येणार कसं? अशा वेळी प्रायव्हेट डीएनएस तात्पुरता ऑटोमॅटिक करा, लॉगिन करा आणि परत आधीसारखा करा. काही कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या वाय-फायवर कुलूपबंद डीएनएसचं दार, म्हणजे पोर्ट ८५३, मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, मोबाइल डेटा वापरा.

लॅपटॉप

ऐरोली-महापेच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर हा भाग सोडून द्या. त्यात हात घालू नका. कंपनीच्या आतल्या साइटची नावं बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात. सकाळी काहीच उघडलं नाही तर आयटीवाल्यांना काय सांगाल?

घरचा, विंडोज ११ चा असेल तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज असं जा. 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर 'एडिट' दिसेल. ते ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करा आणि आयपीव्ही४ (आकडी पत्त्यांची जुनी पद्धत) चालू करा. पहिल्या जागी ९.९.९.९, दुसऱ्या जागी १४९.११२.११२.११२ भरा. प्रत्येकाखाली 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस', म्हणजे चौकशी कुलूपबंद पाठवायचा पर्याय, आहे. तो 'ऑन, ऑटोमॅटिक टेम्प्लेट' करा. आकडे भरून हे राहिलं तर पत्ता सांगणारा बदलला, पण ओरडणं तसंच राहिलं.

आता एक खाच, जी बहुतेक व्हिडिओंमध्ये सांगत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) सुद्धा चालू असतं. तुम्ही फक्त आयपीव्ही४ चे आकडे बदलले तर लॅपटॉप आयपीव्ही६ च्या मागच्या दाराने जुन्याच डीएनएसकडे जाऊ शकतो. म्हणून त्याच खिडकीत आयपीव्ही६ चालू करून क्वाड९ चा पत्ता भरा: २६२०, कोलन, एफ-ई, लागोपाठ दोन कोलन, एफ-ई. मग तीच 'येस'वाली चाचणी.

हे सगळं जड वाटत असेल तर नुसत्या ब्राउझरपुरतं करा. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी, आणि खाली 'यूज सिक्युअर डीएनएस'. तिथल्या यादीतून नाव निवडायचं, आकडे पाठ असायची गरज नाही. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसीच्या पानावर अगदी तळाशी 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' आहे. बदल त्या ब्राउझरपुरताच राहतो, पण घरी लॅपटॉपवर ब्राउझरशिवाय दुसरं उघडतो तरी काय आपण?

आयफोनवाल्यांसाठी: सेटिंग्जमध्ये वाय-फाय, जोडलेल्या नावापुढचा 'आय', मग 'कॉन्फिगर डीएनएस' आणि मॅन्युअल. हे त्या एका वाय-फायपुरतं असतं, मोबाइल डेटाला लागत नाही आणि चौकशी कुलूपबंदही होत नाही. दोन्ही हवं असेल तर क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ नावाचं अॅप सोपं पडायचं, पण २०२५ च्या सुरुवातीला ते भारतातल्या अॅप स्टोअरमधून काढलं गेलं.

राउटर, सवडीने

राउटरमध्ये एकदा बदललं की टीव्हीपासून पाहुण्यांच्या फोनपर्यंत सगळ्यांना लागू होतं. मोह होतो. पण चुकलं की घरातले सगळे एकदमच तुमच्याकडे बघतात. मॅच चालू असताना करू नका, एवढा अनुभवाचा सल्ला.

राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा, जुन्या डीएनएसचा फोटो काढा, 'डीएचसीपी' किंवा 'लॅन'च्या पानावर नवे आकडे भरा आणि राउटर बंद करून चालू करा. नेट कंपनीने दिलेल्या डब्यात अनेकदा ही जागा बंद केलेली असते. तसं असेल तर नाद सोडा आणि फोनवरच समाधान माना. बहुतेक घरगुती राउटर चौकशी उघडीच पाठवतात. त्यामुळे इथे गाळणी मिळते, खाजगीपणा मिळत नाही.

लॉगिन केलंच आहे तर 'अॅडमिन'चा पासवर्ड मात्र बदलून टाका. चिकटपट्टीवरचा पासवर्ड तसाच ठेवलेल्या राउटरचा डीएनएस चोर बदलतात, आणि मग घरातल्या प्रत्येकाला पत्ता तेच सांगतात.

यातून काय होत नाही

डीएनएस म्हणजे व्हीपीएन (तुमची सगळी ये-जा झाकून दुसऱ्या ठिकाणाहून नेणारी सोय) नव्हे. पत्ता विचारल्यावर तुम्ही त्या पत्त्यावर जाताच, आणि नेट देणाऱ्याला तुम्ही कुठल्या आकड्याकडे निघालात ते दिसतं. अनेकदा साइटचं नावसुद्धा जोडणी करतानाच्या पहिल्या निरोपात उघडं असतं. आतलं पान, पासवर्ड आणि मजकूर एचटीटीपीएसमुळे झाकलेला असतो, पण तो आधीही झाकलेलाच होता. साइटला तुमचा आयपी पत्ता कळायचा तो कळतोच. नेटचा वेगही यामुळे सुसाट होत नाही. फार तर संध्याकाळी केबलवाल्याचा डीएनएस धापा टाकत असेल, तर पानं उघडायला लागणारा खोळंबा कमी होतो.

गाळणीचीही मर्यादा आहे. आज सकाळी उभी केलेली खोटी साइट दुपारपर्यंत कुणाच्याच यादीत नसते. आणि आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत घरोघरी आलेला मेसेज आठवा: "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." त्यात साइटच नसते, नुसता फोन नंबर. समोरचा माणूस महावितरणचा अधिकारी असल्यासारखा बोलतो आणि स्क्रीन शेअर करायला लावतो. लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फाइलचंही, म्हणजे उघडली की फोनवर अॅप बसवणाऱ्या फाइलचंही, तसंच. ती फाइल व्हॉट्सअॅपच्या पत्त्यावरून येते, मग क्वाड९ तिला का अडवेल? आईच्या फोनवर डीएनएस बसवला, त्याच दिवशी 'अनोळखी अॅप इन्स्टॉल करू नये' हे सेटिंगही मी तपासलं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हेही तिला सांगितलं.

दुसऱ्याच्या फोनवर करणार असाल तर

विचारून करा आणि चिठ्ठी ठेवा. त्या सोमवारनंतर आईच्या फ्रिजवर मी एक कागद चिकटवला. त्यावर तीनच ओळी: "नेट बंद पडलं तर आधी शेजारच्या काकूंचं चालू आहे का विचार. त्यांचं चालू असेल तर सेटिंग्ज उघड, वर डीएनएस शोध, ऑटोमॅटिक कर. तरीही आलं नाही तर मला फोन कर."

खाली आईने तिच्या अक्षरात चौथी ओळ घातली आहे: "रिचार्ज मारू नये."